रॅम घेण्याआधी झाकण उघडा

सांगलीत विश्रामबागला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, १९९८ पासून. या सदराकडे येणारे प्रश्न एरवी प्रिंटर, व्हायरस आणि हरवलेल्या फाइलींचे असतात. गेले काही महिने मात्र रॅमचीच पत्रं येतायत. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, नवा संगणक घेणं सगळ्यांना झेपत नाही, मग आहे त्यातच रॅम वाढवून भागवावं, असा बहुतेकांचा विचार दिसतो. विचार चांगला आहे. पण ज्यांनी पैसे आधी घालवले आणि पत्र नंतर लिहिलं, त्यांची पत्रं वाचून फार वाईट वाटलं. म्हणून हा अख्खा अंक रॅमला दिला.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. घरी २०१३ साली असेंबल करून घेतलेला संगणक आहे. आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, विंडोज १०. बटण दाबून मी चहा टाकते, तो पिऊन येते, तरी पडद्यावर चक्र फिरतच असतं. काम थोडंच : पेन्शनचं बघणं, नातवाचा अभ्यास, यूट्यूबवर कीर्तन. दुकानदार म्हणतात, आणखी ४ जीबी टाका, पळायला लागेल. टाकू का? (मिरज)

उत्तर : बाई, लगेच टाकू नका. आधी दहा मिनिटं माझं ऐकून एक गोष्ट करून बघा.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. हार्डडिस्क म्हणजे माळा. जे काम चालू आहे त्याची भांडी ओट्यावर असतात. ओटा भरला की विंडोज काही भांडी उचलून माळ्यावर ठेवतं आणि लागली की पुन्हा खाली काढतं. ही चढउतार सुरू झाली की संगणक हँग झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी ओटा मोठा केला, म्हणजे रॅम वाढवली, की खरंच फरक पडतो. पण सकाळी स्वयंपाकघर उघडताना सगळी भांडी माळ्यावरूनच काढायची असतात. तिथे ओटा कितीही मोठा असला तरी उपयोग नाही, शिडी चांगली हवी. तुमची तक्रार सुरू होण्याच्या वेळेची आहे. म्हणून मला शंका शिडीची, म्हणजे डिस्कच्या वेगाची, येते.

आता मोजून बघा. संगणक पूर्ण सुरू झाल्यावर पाच मिनिटं काहीच उघडू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच यादी दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' वर टिचकी मारा आणि 'परफॉर्मन्स' मध्ये जा. डावीकडे मेमरी आणि डिस्क यांची टक्केवारी दिसेल, ती कागदावर लिहा. नंतर तुमची रोजची सगळी कामं एकदम उघडा, यूट्यूब, नातवाची पीडीएफ, मेल, आणि पुन्हा तेच दोन आकडे लिहा. दोन्ही वेळा डिस्क शंभरवर आणि मेमरी साठ-पासष्टच्या आसपास असेल, तर रॅमचा दोष नाही. कामं उघडल्यावर मेमरी नव्वदच्या वर जाऊन डिस्कही शंभरला चिकटली, तर ओटा खरंच कमी पडतोय.

साध्या हार्डडिस्कच्या आत चकती फिरत असते. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला साधारण सव्वाआठ मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना हजारो लहानलहान फाइली वाचतं आणि प्रत्येकीसाठी आतल्या सुईला जागा बदलून चकती फिरण्याची वाट बघावी लागते. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवणारी नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही. तुमच्यासारखेच, एकाच मदरबोर्डाचे (ज्यावर सगळे भाग बसतात तो मुख्य बोर्ड) दोन संगणक माझ्याकडे एका आठवड्यात आले होते. दोन्ही ४ जीबीचे. एका ग्राहकाने हट्टाने रॅम ८ केली, डिस्क जुनीच ठेवली. दुसऱ्याने रॅम ४ च ठेवून एसएसडी घातली. पहिल्याचा सुरू होण्याचा वेळ जवळपास तेवढाच राहिला. दुसरा मिनिटाच्या आत तयार झाला. तेव्हापासून मी दुकानात घड्याळ लावून दाखवल्याशिवाय कुणालाच रॅम विकत नाही.

तर बाई, आधी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे साध्या हार्डडिस्कच्याच केबलला जोडली जाणारी, बसवा. त्या काळातल्या आय३ संगणकांत आपल्या भागात एच६१ चिपसेटचे बोर्ड खूप विकले गेले. त्यांना ही एसएसडी चालते. नवी एम.२ ची चपटी एसएसडी मात्र घेऊ नका, तिला त्या बोर्डावर जागा नसते. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवून मिळते, त्यामुळे फोटो आणि फाइली जात नाहीत. तरी आधी पेन ड्राइव्हवर एक प्रत काढून ठेवा. मग महिनाभर वापरा. तेव्हाही कामं उघडल्यावर मेमरी पंच्याऐंशीच्या वर राहिली, तर ४ जीबीची एक डीडीआर३ (रॅमची एक पिढी) स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, घ्या, १६०० वेगाची. या बोर्डांवर दोन स्लॉट असतात आणि प्रत्येकात ८ पर्यंत चालते. पण तुमचा एक स्लॉट रिकामा आहे का, ते टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' समोर बघा. '२ ऑफ २' असेल तर २-२ च्या दोन स्टिक बसलेल्या आहेत. मग एक काढूनच दुसरी घालावी लागेल.

आणखी एक, हे मी सगळ्या ज्येष्ठांना सांगते. तुमच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तिच्यात नाव नोंदवून घ्या. त्यानंतर या मशीनवर बँकेचं काम करू नका. विंडोजऐवजी चालणारं मोफत लिनक्स मिंट घालून घ्या आणि कीर्तनं निवांत ऐका. म्हणून एसएसडी आणि फार तर एक वापरलेली स्टिक, याच्यापुढे या संगणकावर खर्च नको.

प्रश्न : माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, एक दिवाळी अंक. विंडोज ७, जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, पानं मांडायला पेजमेकर ७. काम अडतं म्हणून ४-४ च्या दोन नव्या रॅम टाकल्या. विंडोज दाखवतं '८ जीबी, पैकी ३.२४ वापरण्याजोगी'. दुकानदार म्हणतो रॅम चांगली आहे, मी म्हणतो फसवलं. कोण बरोबर? (सोलापूर)

उत्तर : दादा, रॅम चांगली आहे. पण ती विकण्याआधी तुमचं विंडोज बघायला हवं होतं, आणि ते त्यांनी बघितलं नाही, हेही खरं.

तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे. रॅममधल्या प्रत्येक बाइटला घरनंबर लागतो आणि ३२ बिटांत घरनंबर होतात ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यातलेही काही नंबर ग्राफिक्स आणि बोर्डावरच्या इतर भागांना राखून ठेवलेले असतात, म्हणून तुमच्या हातात ३.२४ उरले. बाकीची रॅम स्लॉटमध्ये नुसती बसून आहे. कोणतंही सेटिंग बदलून ती मिळणार नाही. बूट ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन 'मॅक्झिमम मेमरी'ची खूण बदला असं कुणी सांगेल. त्याने काही होत नाही, उलट चुकीचा आकडा पडला तर मशीन सुरूच होत नाही. अशी मशीनं मी दुरुस्त केली आहेत.

मग ६४ बिट विंडोज घालायचं का? इथे घाई करू नका, कारण डीटीपीवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरला कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला किंवा यूएसबीला एक लॉक (परवान्याची छोटी डबी) लावावा लागतो. त्या लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर ६४ बिट विंडोज तो घेतच नाही. काही फार जुन्या सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर १६ बिटचे असतात, तेही ६४ बिटवर चालत नाहीत. नवं विंडोज घातलं आणि वीस वर्षांच्या फाइली उघडेनाशा झाल्या, असं दिवाळी अंकाच्या तोंडावर होऊ नये. आणि पेजमेकर स्वतः ३२ बिटचा आहे. विंडोजमध्ये अशा प्रोग्रॅमला सर्वसाधारणपणे २ जीबीच वापरता येतात. म्हणजे तुम्ही १६ जीबी घातली तरी पेजमेकरला तिचा लाभ नाही.

मी तुमच्या जागी असते तर हे केलं असतं. दोन स्टिकपैकी एक परत देता येते का ते आजच विचारा. बिल असेल तर विचारायला लाजू नका. जुनी डिस्क, जुनं विंडोज, लॉक, सगळं आहे तसं ठेवायचं. एक वेगळी एसएसडी घ्यायची, तिच्यावर ६४ बिट विंडोज आणि युनिकोडवर चालणारं नवं सॉफ्टवेअर. नवी कामं तिकडे, जुन्या ग्राहकांच्या जुन्या फाइली इकडे. तसं करणार असाल तर दुसरी स्टिकही ठेवा, ती तिथे पुरी उपयोगी येईल.

आणि काम अडतंय ते कदाचित चित्रांमुळे. दिवाळी अंकात फोटो मूळच्या अवाढव्य आकारात आत घातले आणि कोपऱ्यात लहान करून लावले, तर पेजमेकर प्रत्येक पान उलटताना ते ओढत बसतो. फोटो छापायच्या मापाला ३०० डीपीआयवर आधी कापून घ्या, लिंक करून जोडा आणि सगळं डिस्कवर ठेवून काम करा, पेन ड्राइव्हवरून नको. सांगलीतल्या एका प्रेसचं मशीन केवळ एवढ्याने सुधारलं. एक रुपयाचाही भाग घातला नाही.

प्रश्न : दर पावसाळ्यात आमचा कॉम्प्युटर रुसतो. बटण दाबलं की आतून लांब बीप, थांबून पुन्हा बीप. स्क्रीन काळी. मेकॅनिक येतो, रॅम काढून पुसून लावतो, तीनशे रुपये घेतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. नवी रॅम घ्यायची का? (रत्नागिरी)

उत्तर : वहिनी, नवी रॅम नको. तोच मेकॅनिक जे करतो ते तुम्ही घरी करू शकता, फक्त नीट करायला हवं.

लांब बीप थांबून थांबून वाजणं हे अनेक बोर्डांवर रॅम नीट लागत नसल्याचं लक्षण असतं. रॅमच्या कडेला जे सोनेरी दात दिसतात त्यांच्यावर सोन्याचा अगदी पातळ थर असतो. सोनं गंजत नाही, पण समुद्राकडची खारी दमट हवा, धूळ आणि बोटांचा घाम यांचा पापुद्रा दातांवर आणि स्लॉटच्या आतल्या तारांवर चढतो. मग वीज पोचत नाही.

मेनची पिन काढा. पिन काढल्यावर कॅबिनेटचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. दोन्ही टोकांचे खटके बाहेर दाबले की रॅम वर येते. तिला कडांना धरा, दातांना बोट लावू नका. पांढरं मऊ खोडरबर घेऊन दात एकाच दिशेने हलक्या हाताने पुसा, दोन-चार वेळा, दोन्ही बाजूंनी. खोडरबराचा चुरा स्लॉटपासून दूर झटका. वाळूच्या कणांचं निळं खोडरबर, पॉलिश पेपर, रॉकेल, अत्तर, यातलं काहीही वापरू नका. जोराने घासलं तर सोन्याचा थर जातो आणि मग दुखणं कायमचं मागे लागतं. तुमच्याकडे पंधरा दिवसांनी परत होतं त्याचं कारण, माझ्या अंदाजाने, वेगळं आहे : रॅम पुसली जाते, स्लॉट कुणी पुसत नाही. कोरड्या मऊ ब्रशने स्लॉट झाडा. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ९९ टक्क्यांचं. त्यात ब्रश बुडवून स्लॉटमधून फिरवा आणि अर्धा तास पूर्ण वाळू द्या. बसवताना रॅमच्या कडेची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळला पाहिजे. दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, दोन्ही खटके आपोआप टक् करून बंद व्हायला हवेत. एकच बंद झाला तर रॅम तिरकी बसली आहे.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कॉम्प्युटर रोज अर्धा तास तरी चालू ठेवा. आतल्या उबेने दमटपणा धरत नाही. कपड्याचं आच्छादन चालू असताना काढा, आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

रॅम किती चिवट असते ते मी २०१९ च्या पुरात पाहिलं. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातून लोक चिखलाने भरलेली कॅबिनेटं टेम्पोत घालून आणत होते. हार्डडिस्क आणि एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बहुतेक वाचत नव्हते. पण रॅमच्या स्टिक आम्ही आधी साध्या स्वच्छ पाण्याने, मग अल्कोहोलने धुतल्या, दोन दिवस सावलीत सुकवल्या, आणि पाण्यात असताना वीज बंद होती अशा मशीनमधल्या कितीतरी स्टिक पुन्हा चालल्या. एका मुलीचा बारावीचा अभ्यास त्या धुतलेल्या रॅमवर पुरा झाला. तुमची रॅम तर फक्त पावसाने ओलावली आहे.

प्रश्न : ऑनलाइन १६ जीबी डीडीआर४ रॅम निम्म्याहून कमी भावात मिळाली. स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, पण डिस्प्ले येत नाही. जुनी लावली की येतो. विक्रेता म्हणतो आमच्याकडे चालते. (नागपूर)

उत्तर : विक्रेत्याकडे चालत असेल, कारण ती सर्व्हरची रॅम असावी. रॅमवरचं लेबल वाचा. '२आरएक्स४' असं काही आणि 'पीसी४-२४००टी' च्या पुढे डॅश देऊन इंग्रजी 'आर' अक्षर असेल, तर ती रजिस्टर्ड. घरगुती रॅमवर तिथे 'यू' असतं. स्टिकच्या मधोमध इतर चिपांपेक्षा वेगळी एक चिप दिसेल, तीच तिची ओळख. दात २८८ च, खाच तिथेच, म्हणून ती बसते, पण घरगुती बोर्ड तिला ओळखत नाही. बोर्ड बिघडलेला नाही, परत पाठवा.

डीडीआर२ वाल्यांसाठीही सांगून ठेवते, कारण असं पत्र दर दोन-तीन महिन्यांनी येतं. '४ जीबी डीडीआर२, फक्त एएमडीसाठी' अशा स्वस्त स्टिक विकल्या जातात. त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. 'फक्त एएमडीसाठी' हे शब्द जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत असतात. तसंच जी४१ चिपसेटचा बोर्ड असेल तर ४ जीबीच्या डीडीआर३ स्टिकवर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा चिपा हव्यात. एका बाजूला आठच चिपा असलेली नवी स्टिक तो घेत नाही. इतकी साधी गोष्ट, पण फोटोत मोजून घेतली तर एक खेप वाचते.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेकंडहँड लॅपटॉप आहे, ८ जीबी, डीडीआर४, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. टास्क मॅनेजर 'स्लॉट्स यूज्ड : १ ऑफ २' दाखवतो. अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) एकदम उघडले की मशीन मरतं. १६ ची स्टिक घालू की ८ ची? मित्र म्हणतात दोन्ही सारख्या नसतील तर लॅपटॉप जळतो. (लातूर)

उत्तर : जळत नाही, काळजी सोड. तुझी गरज खरी आहे, त्या कामाला ८ पुरतच नाहीत.

आधी झाकणाखाली काय आहे ते कळायला हवं. तू 'स्लॉट्स यूज्ड : १ ऑफ २' लिहिलं आहेस, पण अनेक लॅपटॉपमध्ये एक हिस्सा बोर्डावरच सोल्डर केलेला असतो आणि विंडोज त्यालाही स्लॉट म्हणूनच मोजतं. मॉडेलचा नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर त्याची सर्व्हिस पुस्तिका उघड. तिथे स्लॉट किती आणि जास्तीत जास्त किती जीबी, दोन्ही दिलेलं असतं. रॅमच्या नावात 'एलपीडीडीआर' असेल तर विषय संपला, ती सोल्डरच असते. मग पैसे साठव आणि कॉलेजच्या लॅबमध्ये एम्युलेटर चालव, किंवा स्वतःचा फोन केबलने जोडून त्यावरच ॲप तपास. एम्युलेटर बंद झाला की बरीच रॅम मोकळी होते. खरं तर हे आजच करून बघ.

स्लॉट मोकळा असेल तर ८ ची घे. ८ अधिक ८ झाले की दोन्ही वाटांनी एकदम ये-जा होते, तिला ड्युअल चॅनल म्हणतात. तुझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे पडद्याचं कामही याच रॅममधून चालतं, तिथे याचा फरक डोळ्यांना दिसतो. १६ ची घातलीस तर दोन्ही स्टिकमधल्या ८-८ ला दोन वाटा आणि उरलेल्या ८ ला एकच वाट, असं इंटेलचे बहुतेक लॅपटॉप निभावून नेतात. तेही चालतं, फक्त पैसे जास्त. २६६६ आणि ३२०० असे वेगवेगळे वेग आले तर दोन्ही स्टिक कमी वेगाने चालतात, एवढंच. लॅपटॉपची स्टिक आखूड असते, डीडीआर४ ची २६० दातांची. दुकानात 'लॅपटॉपची' असं स्पष्ट सांग.

मागचं झाकण काढल्यावर पहिलं काम बॅटरीचा जोड काढणं. हे विसरलेले दोन बोर्ड गेल्या वर्षी माझ्या टेबलावर आले, दोन्ही मुलांचेच. स्टिक तिरकी, साधारण तीस अंशांत आत सरकव, मग खाली दाब, बाजूच्या क्लिपा बसतील. पहिल्यांदा सुरू करताना पडदा थोडा वेळ काळा राहू शकतो, बोर्ड नवी रॅम जोखत असतो. घाबरून लगेच बंद करू नकोस. रात्री झोपताना मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून लावून ठेव. सकाळी एकही लाल ओळ दिसली तर स्टिक परत कर. यासाठीच बिल घे आणि बिलावर स्टिकचा सिरीयल नंबर लिहून घे.

प्रश्न : रॅमचे भाव इतके का चढले? थांबावं का? (डोंबिवली)

उत्तर : जगातली बहुतेक मेमरी चिप तीनच कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयसाठी जी मोठी डेटा सेंटरं उभी राहतायत त्यांना मेमरी प्रचंड लागते आणि भावही चांगला मिळतो, म्हणून कारखाने तिकडे वळले. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत त्याचा फटका आपल्याला बसला. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं.

असं मी आधीही पाहिलं आहे. २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. दुकान नवं होतं, दसऱ्यासाठी चार संगणकांचे पैसे आधीच घेतले होते. त्या चौघांना मी ठरल्या भावातच रॅम दिली. त्यातले तिघे अजून माझ्याकडे येतात. पुढे ते भाव उतरले. २०१७-१८ मध्ये पुन्हा चढले, २०१९ मध्ये पुन्हा उतरले. या वेळी कधी उतरतील याची तारीख मी देणार नाही.

ज्याचं काम अडलं आहे त्याने घ्यावी, वापरलेली पण तपासलेली. ज्याचं अडलं नाही त्याने थांबावं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'मेमरी सेव्हर' चालू करा, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मधून बंद करा. यानेच काही महिने सहज निघतात. आणि जुनी रॅम एक्स्चेंजमध्ये किरकोळ भावात देऊ नका. आज डीडीआर४ ची ४ जीबीची स्टिकही कुणाच्या तरी घरचा संगणक चालता करते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. साताऱ्याला आईबाबांच्या संगणकासाठी इथून रॅम आणली तर चालेल का? व्होल्टेज वेगळं असतं ना? (न्यू जर्सी)

उत्तर : चालेल. भिंतीतली वीज तिकडे १२० आणि इकडे २३० व्होल्टची असली तरी ती एसएमपीएसपर्यंतच येते. रॅमला डीडीआर३ असेल तर १.५, डीडीआर४ असेल तर १.२ व्होल्ट, जगभर तेवढंच. वॉरंटी इथे मिळेल का हे मात्र तिथेच विचारून घ्या.

विकत घेण्याआधी बाबांना सांगा, शेजारच्या मुलाकडून कॅबिनेट उघडून जुन्या रॅमच्या लेबलचा आणि रिकाम्या स्लॉटचा फोटो पाठवायला. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, आणि साताऱ्याला पोचल्यावर ते कळलं तर परत करायला न्यू जर्सी जवळ नाही. येताना स्टिक तिच्या चंदेरी पिशवीतच राहू द्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. बसवून झाल्यावर ती पिशवी टाकू नका. जुनी स्टिक तिच्यात घालून बाबांच्या कपाटात ठेवा, नवीत काही निघालं तर तीच कामाला येईल.